सोलापूरच्या उन्हात ओढ्याचे मासे पाळायचे तर

पावसाळा उतरला की गावाकडं सीनेच्या बंधाऱ्याखाली, जिथं पाणी दगडांवरून खळखळत उतरतं तिथं, पँट वर करून पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. आधी काहीच दिसत नाही. मग अंगठ्याजवळ काहीतरी घासल्यासारखं होतं, खाली बघावं तर बोटभर लांबीचा, शेवाळी रंगाचा मासा दगड सोडून तुमच्या पायाला चिकटलेला असतो आणि एवढ्या धारेत जागचा हलत नाही. तो मल्या, काही गावात मळ्या म्हणतात. हनुवटीखाली चकती असते तिनं तो दगड धरतो. स्पामधे लोक पाय बुडवून बसतात आणि मासे कातडी खातात, ते मासे ह्याचेच भाऊबंद. सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं दख्खनचे मासे नोंदवले तेव्हा बऱ्याच माशांना इथलीच नावं शास्त्रीय नाव म्हणून देऊन टाकली, त्यातलं हे १८३९ सालचं, गॅरा मुल्या. म्हणजे जगभरच्या पुस्तकात हा मासा मराठी नावानंच बसलाय.

मी जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे सहा वर्षं झाली असले मासे पाळायलोय. भेटेल तो पहिला प्रश्न विचारतो, कुठले मासे घेऊ? माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. ओढ्याच्या माशाला पाणी पळतं लागतं, फार तापलेलं चालत नाही आणि त्यात हवा भरपूर लागते, आणि सोलापुरात ह्यातलं काहीच आयतं मिळत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३, नळाला काही दिवसांआड पाणी, वर दुपारी लाईट जाणार. त्यामुळं खाली माशांपेक्षा पाण्याबद्दलच जास्त लिहिलंय, कंटाळू नका.

जागा आणि टाकी

टाकी आधी विकत घेऊन मग जागा शोधू नका. पश्चिमेच्या भिंतीला टाकी लावली तर संध्याकाळी सात वाजेपर्यंत ती भिंत शेगडीसारखी तापलेली असते. वरचा मजला असेल तर स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडतो. ज्या खोलीत कूलर लावता, जिथं उन्हाळ्यात घरचे सगळे गाद्या टाकून झोपतात, ती खोली टाकीसाठी सगळ्यात चांगली. आमच्या आईचं ह्यावर म्हणणं होतं की माणसांना जागा नाही आणि माशांना कूलर! आता तीच सगळ्यात आधी टाकीजवळची खुर्ची पकडते.

टाकी लांब आणि रुंद घ्या, उंच नको. दुकानात सहसा तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी तयार मिळते, ती शोभेला ठीक. आपल्याला उलटी पाहिजे, म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. कारण हवा पाण्यात शिरते ती वरच्या पृष्ठभागातून, तो जेवढा मोठा तेवढं बरं, आणि ओढ्याचे मासे लांबीत पळतात, उंचीत नाही. काचवाल्याकडून बनवून घ्या, ८ मिमी काच सांगा. दगड-वाळू टाकल्यावर ह्यात साधारण १३० लिटर पाणी बसतं आणि सगळं मिळून वजन २०० किलोच्या आसपास जातं, म्हणून स्टँड लोखंडी अँगलचाच करा, जुनं टीव्हीचं टेबल चालणार नाही. काचेखाली थर्माकोल टाका, बारीक खडा जरी राहिला तरी तिथून तडा जातो.

झाकण काचेचं नको. जाळीचं करा. खिडकीला डास येऊ नये म्हणून लावतो ती जाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवून घेतली की झालं. डॅनिओ जातीचे मासे लई उड्या मारतात, पहिल्याच आठवड्यात माझा एक सोफ्याखाली सापडला, तो पण झाडू मारताना.

पाणी पळवायचं कसं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं घाई करू नका. साध्या टाकीत फिल्टर एका कोपऱ्यात असतो, तिथल्या तिथं पाणी गोल फिरतं आणि बाकी टाकी गप्प. ओढ्यात असं नसतं. ओढ्यात सगळं पाणी एकाच दिशेनं जातं आणि मासा सतत त्या दिशेला तोंड करून असतो. घरात हे करायचं तर पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वरून जायला पाहिजे आणि वाळूखालून पाइपातून परत पहिल्या टोकाला यायला पाहिजे.

सामान असं: पाऊण इंची पीव्हीसी पाइप दहा फूट, चार एल्बो, चार टी, दोन टोप्या, दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचे छोटे पंप) आणि दोन जाड स्पंज. पॉवरहेड प्रत्येकी तासाला हजार लिटरच्या आसपासचे घ्या. दोन मिळून दोन हजार होतात, म्हणजे टाकीतलं पाणी तासात पंधरा वेळा फिरतं. साध्या टाकीला चार-पाच वेळा पुरतं, ओढ्याला कमीत कमी दहा धरा.

आता जोडणी. पाइपची एक चौकट करायची, टाकीच्या तळात बसेल अशी, दोन लांब बाजू आणि दोन आडव्या. डाव्या टोकाला दोन्ही कोपऱ्यात उभे पाइप काढायचे, त्यांच्या डोक्यावर पॉवरहेडची ओढणारी तोंडं बसवायची. उजव्या टोकाला पण दोन उभे पाइप, पण हे आखूड, वरून टोपीनं बंद, ह्यांना ड्रिलनं भरपूर बारीक भोकं पाडायची आणि वर स्पंज चढवायचा. पंप चालू केला की तो उजवीकडच्या स्पंजातून पाणी ओढतो, ते चौकटीतून वाळूखालून डावीकडं येतं आणि पंप ते पुन्हा उजवीकडं फेकतो. झाला ओढा. स्पंज हाच फिल्टर, वेगळा लागत नाही. चौकटीला सोल्युशन लावू नका, दाबून बसवलेलं पुरतं, पाण्यातच असल्यामुळं थोडं गळलं तर काय बिघडतं, आणि उद्या उघडायची वेळ आली तर हातानं निघतं. माझी पहिली चौकट आमच्या शेजारच्या अण्णांनी करून दिली, ते पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, अर्ध्या तासात मोजमाप न घेता पाइप कापले आणि एकही एल्बो वाकडा बसला नाही. मी नंतर स्वतः केली तेव्हा मोजून पण दोन पाइप वाया घालवले.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पंप जेवढी वीज खातो तिची शेवटी उष्णताच होते आणि ती पाण्यात जाते. जुने एसी पंप वीस-पंचवीस वॅटचे असतात, दोन लावले की बारीकसा हीटर बसवल्यासारखं. डीसी पंप महाग पडतो पण कमी वॅटमधे तेवढंच पाणी फेकतो आणि इन्व्हर्टरवर पण बरा. जमलं तर तोच घ्या.

दगड, वाळू आणि शहाबादीची भानगड

वाळू बांधकामाची चालते. चाळून बारीक गोटे वेगळे काढा, मग बादलीत पाणी घालून हातानं घुसळत धुवा, पंधरा-वीस पाणी तरी जातं. (हे पाणी फेकू नका, झाडांना घाला, आपल्याकडं पाण्याचं काय आहे ते तुम्हाला माहितीच आहे.) तळात दीड-दोन इंच पुरे.

दगड म्हणजे आपला काळा दगड, बेसाल्ट. सोलापूरभर तोच आहे आणि तो पाण्यात काही सोडत नाही. नदीतला गोल घासलेला मिळाला तर उत्तम, नाहीतर खडीचा मोठा तुकडा पण चालतो, फक्त धारदार कडा नको, मल्या त्यावर पोट घासत फिरतो. घ्यायच्या आधी दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फेस आला तर तो दगड बाद. काळ्या दगडात पण कधी कधी पांढऱ्या गाठी असतात, त्यांच्यावर मुद्दाम टाकून बघा.

ही परीक्षा मी न करता शिकलो. घरात फरशीचे तुकडे पडले होते, शहाबादी, सपाट, एकावर एक ठेवले की झकास कपारी होतात, म्हणून सहा तुकडे लावले. महिन्याभरात काचेवर पांढरे डाग, टीडीएस मीटरचा (पाण्यातले क्षार मोजतो तो) आकडा दर आठवड्याला वर, आणि मला कळेना की पाणी बदलूनही हे चढतंय कसं. शहाबादी म्हणजे चुनखडक. पाणी आधीच जड, त्यात मी चुना घालून बसलो होतो. तुकडे काढले, तीन-चार वेळा पाणी बदललं, मग आकडा खाली आला.

झाडं फार लावू नका. धारेत टिकणारं व्हॅलिसनेरिया लावा, लांब पट्ट्यासारखी पानं धारेत वाकून हलत राहतात, बघायला भारी वाटतं. ॲन्युबियास किंवा जावा फर्न दगडाला दोऱ्यानं बांधा. बाकी काचेवर आणि दगडावर शेवाळ येईल ते पुढची काच सोडून घासू नका, ते मल्याचं ताट आहे.

नळाला पाणी येतं त्या दिवशी

आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचं, म्हणजे आपल्या टाकीत चाळीस लिटर. आपल्याकडं वार ठरवून हे होत नाही, आपला वार नळ ठरवतो. म्हणून माशांसाठी वेगळा ५०-६० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवा. पाणी सुटलं की तो आधी भरा (घरात भांडण होईल, तयारी ठेवा), त्यात हवेच्या पंपाचा एक दगड सोडा आणि कमीत कमी २४ तास चालू द्या. साधा क्लोरीन तेवढ्यात उडून जातो.

घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला वापरायचे तेच. १० ग्रॅम खडे मोजून १०० मिलि पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, १० लिटर पाण्याला १ मिलि टाका. दुकानातली अँटीक्लोरीनची निळी बाटली बहुतेक वेळा हेच असतं, फक्त पातळ केलेलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीला गढूळ पाणी येतं तेव्हा नळाला ब्लीचिंगचा वास जास्त येतो, त्या आठवड्यात डबल टाका नाहीतर सरळ आठवडा पुढं ढकला. मी एकदा ढकललं नाही. ड्रम मधे न घेता पाइप थेट नळातून टाकीत लावला, म्हटलं बारीक धार आहे काय होतंय, आणि वीस मिनिटात डॅनिओ वर येऊन तोंड उघडायला लागले. हायपोची बाटली हाताशी होती म्हणून चारच गेले.

बोअरचं पाणी वापरायचं तर आधी टीडीएस मीटर लावून बघा. आमच्या सोसायटीच्या बोअरचा आकडा नळापेक्षा दुपटीच्या वर आहे, तसलं पाणी टाकीला नकोच. आणि उन्हाळ्यात रोज जे पाणी उडतं ते भरायला नळाचं वापरू नका, तिथं आरओचं वापरा. कारण सोपं आहे, वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, क्षार खालीच राहतात. वरून पुन्हा क्षाराचं पाणी ओतत गेलात तर दोन महिन्यात टाकीचं बोअर होतं.

महिनाभर रिकामी टाकी

सगळं लावून पंप चालू केला की लगेच मासे आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे जीवाणू स्पंजात आणि वाळूत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, ते कुजून अमोनिया तयार होतो. ओळखीच्या कुणाकडं चांगली चाललेली टाकी असेल तर त्याचा मळका स्पंज आपल्या टाकीत पिळून घ्या, वेळ अर्ध्यावर येतो.

आपल्याकडं ह्यात एक जास्तीचा धोका आहे. अमोनियाचं विष पीएच आणि तापमान दोन्हींबरोबर वाढतं. आपलं पाणी जड, पीएच आठच्या आसपास, वर उन्हाळा. म्हणजे थंड, मऊ पाण्याच्या गावात जो अमोनिया मासा सहन करतो तोच इथं त्याला मारतो. लिक्विडवाली टेस्ट किट घ्या, पट्टीवाली नको. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठ दिवस शून्य दिसले की मग मासे.

मे महिना

२० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. ३० अंशाला साडेसात. ३५ ला सातच्या आसपास. वर माशाचं अंग तापल्यावर त्याला तो जास्त लागतो. म्हणजे उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, असा हिशोब.

माझं ठरलेलं आहे, ३० च्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि ते जमतं कारण आपली हवा कोरडी आहे. माठ कसा गार होतो? तसंच. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे जाळीवर आडवे, पाण्याच्या पृष्ठभागावर वारं घासून जाईल असे लावा. एप्रिल-मेमधे खोलीपेक्षा तीन-चार अंश पाणी खाली राहतं, म्हणजे खोली कूलरनं ३३ ला आणली की टाकी ३० च्या आत. फक्त कूलर अगदी टाकीशेजारी नको, त्याच्या ओल्या वाऱ्यात पंख्याचा परिणाम कमी होतो. दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडतं, त्यासाठी वर सांगितलेलं आरओ. मुंबईच्या मित्राला हाच उपाय सांगितला तर त्याच्याकडं दोन अंश पण उतरले नाहीत, तिकडच्या दमट हवेत पाणी उडतच नाही. सोलापूरच्या हवेचा एवढा तरी फायदा घ्या.

बर्फाच्या बाटल्या टाकायचा सल्ला सगळे देतात. एक लिटरची गोठवलेली बाटली पूर्ण वितळली तरी १३० लिटर पाणी एक अंशानं पण उतरत नाही, गणित करून बघा. चार बाटल्या एकदम टाकल्या तर उतरेल, पण संध्याकाळी पुन्हा चढेल, आणि हे वर-खाली माशाला गरमीपेक्षा वाईट. लाईट गेल्यावरची इमर्जन्सी म्हणून फ्रीजरमधे दोन ठेवा, रोजचा उपाय म्हणून नको. चिलर घ्यायची ऐपत असेल तर प्रश्नच मिटला, पण चिलर टाकी-स्टँड-मासे सगळ्यापेक्षा महाग पडतो.

लाईट जाणे. ह्याच्याशिवाय टाकी सुरूच करू नका असं मी सांगेन: बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, जो लाईट जाताच आपोआप सुरू होतो. धारेतल्या माशाला गप्प पाणी सोसत नाही, भर उन्हाळ्यात तासाभरात मल्या दगड सोडून वर येतो. तो काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटून बसलेला दिसला की समजायचं, पाण्यात हवा संपली. त्या दिवशी खायला पण घालू नका.

आता मासे

सोलापूरसाठी माझी निवड उष्णता सोसणाऱ्यांचीच आहे. जायंट डॅनिओ सहा ते आठ, हे कायम धारेच्या तोंडाशी थव्यानं असतात, कडेनं निळी-पिवळी रेघ, उन्हात अशी चमकते की पाहुणे विचारतात हा परदेशी का. मल्या चार. त्याच्याखाली वाळूत राहणारे बारीक लोच पाच-सहा, आपल्या नद्यांच्या वाळूत असतात ते, मिशावाले, दिवसा डोळे तेवढे बाहेर ठेवून गाडून बसतात. एवढ्यानं टाकी भरली. डॅनिओच्या जागी रासबोरा किंवा शेपटीजवळ काळा ठिपका असलेले टिक्टो बार्ब पण चालतील, सगळे एकदम नको.

नको ते पण सांगतो. फोटोत बघून लोक हिलस्ट्रीम लोच मागतात, तो चपटा, पंख पसरून काचेला चिकटणारा. त्याला २०-२४ अंश लागतं, चिलर नसेल तर नाद सोडा. मिस केरळ, लाल रेघेचा बार्ब, सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या नद्यांतला, निसर्गात धोक्यात आलेला आहे, घ्यायचाच तर टाकीत पैदास केलेलाच घ्या, दुकानदाराला स्पष्ट विचारा. मरळ, वाम, शिंगटा हे लहान असताना गोजिरे दिसतात, वर्षात बाकीची टाकी खाऊन बसतात.

स्वतः धरायचे असतील तर तलाव-बंधाऱ्याचा मासेमारीचा ठेका कुणाकडं तरी असतो, त्याला विचारून. नान्नजसारख्या अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच उचलायचं नाही, दगड पण नाही. दिवस डिसेंबर-जानेवारीचे निवडा, गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, तेव्हा पाणी गार आणि प्रवासात मासे मरत नाहीत. पाच-सहाच्या वर धरू नका, झाकणाच्या बादलीत बॅटरीचा हवापंप लावून आणा, पिशवीत कोंबून नाही.

घरी आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, स्पंज फिल्टर लावून. पाणी एकदम बदलायचं नाही, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब-थेंब त्यांच्या बादलीत सोडा, तासाभरात बादली दुप्पट झाली की मासे जाळीनं उचला, ते पाणी ओतून द्या.

खाणं, आणि गच्चीवरचे दगड

डॅनिओ काही पण खातात. प्रश्न मल्याचा. दुकानातलं खाणं तो खातो पण नुसत्या त्यावर वर्षभरात फुगून मरतो, त्याला दिवसभर दगड खरवडायची सवय असते. माझा उपाय सोलापुरी आहे, ऊन. गच्चीवर दोन पसरट टब, त्यात टाकीतलं काढलेलं जुनं पाणी आणि दहा-बारा काळे दगड. आठ-दहा दिवसात दगडांवर हिरवी मखमल येते. दर रविवारी दोन दगड खाली टाकीत, टाकीतले चाटून साफ केलेले दोन वर. दगड पाण्यात जाताच मल्या कसे तुटून पडतात ते बघाच, सगळ्यात मोठा मधे बसतो, दुसरा जवळ आला की शेपटीनं ढकलतो, आणि खरवडल्या जागी ओठांच्या आकाराच्या बारीक रेघा उमटतात, कुणी हिरव्या पाटीवर खडूनं गिरवल्यासारख्या.

टबांवर जाळी बांधा. उघडं पाणी म्हणजे डेंग्यूचे डास, आणि कुणी तपासायला आलं तर बोलणी आपल्यालाच. जाळी राहून चुकून अळ्या झाल्याच तर चहाच्या गाळणीनं गाळून डॅनिओंना द्या, फक्त तीन दिवसाच्या वर टब तसाच सोडू नका. शिवाय उकडलेला पालक, काकडीची चकती, आठवड्यातून एकदा फ्रोझन ब्लडवर्म. जिवंत ट्युबिफेक्स नको, गटाराच्या कडेचा तो किडा आजार घेऊन येतो.

आजार म्हणजे मुख्य दोन. नवे लोच नीट खाऊन पण पोट आत गेलेले, पाठ धारदार झालेली दिसली तर आतडयात जंत आहेत, टबातच लेव्हामिसोल द्यावं लागतं, माशांच्या डॉक्टरला किंवा जुन्या पाळणाऱ्याला मात्रा विचारून. दुसरा व्हाइट स्पॉट, अंगावर मीठ सांडल्यासारखे ठिपके. पुस्तकी उपाय पाणी ३० च्या वर तापवायचा, तो आपल्या माशांना नको, प्राणवायू आधीच कमी. लिटरला एक-दीड ग्रॅम जाडं मीठ, दोन दिवसात थोडं-थोडं करून, हवा वाढवून, दोन आठवडे.

पण मीठ टाकायच्या आधी ठिपके कुठं आहेत ते बघा. मोठ्या मल्याच्या नाकाडावर पांढऱ्या, टोकदार पुटकुळ्या येतात, दोन्ही बाजूला सारख्या. त्या त्याच्या अंगच्याच आहेत. व्हाइट स्पॉट पंखावर, शेपटीवर, कुठं पण विखुरलेला असतो. मी माझ्या सगळ्यात तगड्या नराला ह्या पुटकुळ्यांसाठी तीन आठवडे मिठात ठेवलं, पुटकुळ्या तशाच, झाडं मात्र सगळी मेली.

कधी कंटाळा आला, बदली झाली, टाकी मोडायची ठरली तर मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. तलावात किंवा नदीत सोडायचे नाहीत, इथलेच असले तरी, टाकीतला आजार बरोबर जातो. लोकांनी हौसेनं सोडलेला सकर मासा आज उजनीत कोळ्यांची जाळी फाडायलाय.

आणि जूनमधे पहिल्या पावसानंतर ड्रममधलं पाणी गार झालेलं असतं, ते टाकीत गेलं की दुसऱ्या दिवशी पहाटे डॅनिओ एकमेकांच्या मागं सुसाट पळायला लागतात, माद्या पोटानं जाड झालेल्या. ती अंडी घालायची वेळ. माझी पहिली दोन्ही वेळची अंडी मल्यांनी खाल्ली, एक पण शिल्लक नाही. म्हणून पाणी बदलायच्या आदल्या रात्री जाड माद्या आणि दोन नर वेगळ्या टबात काढा, तळाला धुतलेल्या काचेच्या गोट्यांचा थर आणि वर जावा मॉसची जुडी टाका, आणि अंडी दिसली की मोठे मासे लगेच बाहेर. दीड-दोन दिवसात पिल्लं फुटतात, काचेला चिकटलेल्या डोळे असलेल्या पापण्यांसारखी दिसतात, टॉर्च तिरका धरून शोधा.